गमऱ्यांचं नाक आणि तिसऱ्या मजल्यावरचा वास

ज्ञानदेव गमरे यांच्या नाकाला एकतीस वर्षं पगार मिळाला. हसू नका, खरंच सांगतोय. मुलुंडच्या एका साबणाच्या कारखान्यात एक खोली होती, तिला सगळे वासखोली म्हणायचे. तिथे बसून कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या सुगंधी तेलात बुडवायच्या, तीनदा हुंगायच्या, मग आपल्याच कोपराच्या खोबणीत नाक खुपसून ते कोरं करून घ्यायचं आणि पुढची पट्टी उचलायची. गमरे तिथे भरती झाले होते गोण्या उचलायला. एकदा पिंप उतरवता उतरवता सहज बोलून गेले, "साहेब, आजचा चंदन कालच्यासारखा नाय वाटत." साहेबांनी तपासणी केली तर माल खरोखरच बदललेला. पाठीवरची गोणी सुटली ती तिथे.

पण नाकाच्या नोकरीचे नियम फार वाईट हो. सोमवार ते शुक्रवार घरात लसूण बंद, कच्चा कांदा बंद, आणि सुक्या मच्छीचं तर नावही काढायचं नाही. आता मंडणगडच्या बाईला सुक्या बोंबलाशिवाय पाच दिवस काढायला सांगणं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळेल. गमऱ्यांच्या बायकोने, कमळाबाईंनी, कुरकुर केली नाही असं मी म्हणणार नाही. रोज केली. पण पाळलं. शनिवारी रात्री बोंबील भाजायचा, रविवारी संपवायचा, सोमवारी पुन्हा फिकं वरण. गमरे रिटायर झाले त्या दिवशी कारखान्याने शाल दिली, हार दिला, साबणाची पेटी दिली. कमळाबाईंनी काय केलं? दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, लसणाच्या चटणीबरोबर बोंबील भाजला. मंगळवारी! त्या दिवसापासून बाईंच्या राज्याला सुरुवात झाली. तारोडीची मासेवाली शेवंती सुक्या मच्छीची टोपली घेऊन मीरा रोडला यायची, जिने चढून गमऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर टेकायची, आणि दोघींच्या गप्पा संपेपर्यंत टोपली अर्धी व्हायची.

आणि मग कोरोनात गमऱ्यांचं नाक गेलं.

ताप गेला, खोकला गेला, माणूस धडधाकट उभा राहिला. नाक काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. चार वर्षं झाली, अजून येतंय. दुसरा कुणी असता तर चारचौघांत रडगाणं गाऊन मोकळा झाला असता. पण या माणसाने आयुष्यात दुसरं कमावलं काय होतं? बिल्डिंगमध्ये कुणी गावाहून तूप आणलं की आधी गमरेकाकांकडे. हापूसची पेटी आली, गमरेकाका. गॅसचा वास येतोय का जरा बघा हो, गमरेकाका. नाक गेलं म्हणून सांगितलं तर उरतं काय, शाल? म्हणून ते गप्प बसले. कमळाबाईंनाही सांगितलं नाही. तूप आलं की ते तुपाकडे बघायचेच नाहीत, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. माणूस चुळबुळत असला तर "भेसळ आहे", निवांत असला तर "चोख". गंमत अशी की ते फारसे चुकायचे नाहीत. गॅसच्या बाबतीत मात्र ते पहिल्यांदा सिलिंडर बंद करायचे आणि मग विचार करायचे.

असं छान चाललं होतं. मग यंदा सप्टेंबरअखेर तिसऱ्या मजल्यावर वास सुरू झाला.

वेळ ठरलेली, रात्री अकराच्या सुमारास. दहा-पंधरा मिनिटं असा भपकारा यायचा की समोरच्या रसिलाबेन दार उघडायच्या आणि लगेच धाडकन बंद करायच्या. रसिलाबेन म्हणजे जन्मात अंड्याच्या टरफलालाही हात न लावलेली बाई. मनाने चांगल्या, गमरे आजारी होते तेव्हा महिनाभर रोज दारात खिचडीचा डबा ठेवणारी हीच बाई. पण त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे वास: चांगला आणि मच्छी. त्यामुळे त्यांनी शोध बिध काही लावला नाही. थेट कमळाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"कमळाबेन, बुरा मत मानना, लेकिन रात को ग्यारह बजे मच्छी कौन बनाता है?"

"मैं ग्यारह बजे सोती हूँ!" कमळाबाई म्हणाल्या. "और बोंबील का वास ऐसा होता ही नहीं! बोंबील का वास कैसा होता है मालूम है क्या तुमको?"

रसिलाबेनना कुठून मालूम असणार? तेच तर दुखणं होतं. कमळाबाई बिचाऱ्या दोन दिवस धुमसत होत्या. आपल्यावर आळ आला याचा राग कमी, आणि असल्या घाणेरड्या वासाला कुणी बोंबील म्हणावं याचा जास्त.

तक्रार सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी नीलेश, पहिल्या मजल्यावरचा, नोकरी ऑडिटची. पुरावा म्हटलं की या माणसाचे डोळे चमकतात. त्याने रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग लावली. विषय एकच: बिल्डिंगमध्ये सुकी मच्छी आणायची नाही, असा ठराव करावा की करू नये. निम्मे मेंबर आधीच माना डोलवायला लागले होते. आणि मग नीलेशने वर येऊन गमऱ्यांना सांगितलं, "काका, वास कसला ते तुम्ही सांगायचं. तुमचं नाक म्हणजे सुप्रीम कोर्ट. तुम्ही बोंबील म्हणालात तर बोंबील, नाही म्हणालात तर विषय संपला."

"अरे, पण बायको माझी," गमरे म्हणाले.

"म्हणून काय झालं? माझ्या वास्तुशांतीला तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्या सासऱ्यांचं तूप डालडा ठरवलंत. तुम्ही कुणाचे नाही, काका."

कमळाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना असा काही आनंद झाला! "बघाच आता," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी या नाकासाठी उपास काढले. आता ते माझ्या कामाला येईल."

गमऱ्यांनी कॅलेंडरकडे बघून रविवारपर्यंतचे दिवस मोजले.

शुक्रवारी रात्री कमळाबाई झोपल्यावर त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पॅसेजमध्ये टाकली आणि पहाऱ्याला बसले. नाक नसलं म्हणून काय झालं, डोळे होते. दोन वर्षं अर्ज केल्यावर सोसायटीने तिसऱ्या मजल्याला नवी पांढरीशुभ्र ट्यूब बसवली होती, इतकी झगझगीत की पॅसेजमध्ये बसून सुईत दोरा ओवावा. शेजारची खिडकी सताड उघडी आणि खिडकीला लागून जंगली बदामाचं झाड. ट्यूबखाली रसिलाबेनचा चपलांचा लाकडी रॅक. बराच वेळ काही घडलं नाही. मग ट्यूबवर टण्‌कन काहीतरी आपटलं आणि भिंतीवर बसलं.

किडा होता. पण असला किडा गमऱ्यांनी ना गावी पाहिला होता ना मीरा रोडला. अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा, जुन्या सागासारखा काळपट तपकिरी, आणि अंगभर पिवळे बारीक ठिपके, कुणी हळदीची बोटं झटकावीत तसे. पाठ ढालीसारखी, खांद्यात रुंद, मागे निमुळती. डोकं लांबुळकं, त्याच्या मधोमध एक पिवळी रेघ. मिशांवर फिकट पट्टा. झुरळ म्हणावं तर चाल झुरळाची नाही. हे महाशय पाहुण्यासारखे सावकाश चालले होते. गमऱ्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याला विचारलं. मोबाइल म्हणाला, झाडाची साल. दुसऱ्या बाजूने फोटो काढला, तर म्हणाला, साडीची पिन.

"अक्कल बघा," गमरे पुटपुटले आणि त्यांनी किडा तळहातावर घेतला. मारायचा प्रश्नच नव्हता. माणूस पंचशील पाळणारा. बोंबलाचं म्हणाल, तर तो उत्तनच्या बंदरावरूनच मरून येतो, त्यात गमऱ्यांचा दोष नाही. किडा तळहातावर दोन पावलं चालला, थांबला. गमऱ्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, नाकापासून चार बोटांवर, आणि बघतच राहिले.

तेवढ्यात जिन्यावरून पिंटू आला. पिंटू म्हणजे रसिलाबेनचा मुलगा, वय वर्षं छत्तीस, ठाण्याच्या एका मॉलमध्ये मॅनेजर, रोज अकराला घरी. त्याने बूट काढले, रॅकमध्ये पायानेच ढकलले आणि दुसऱ्याच क्षणी नाक दाबून भिंतीला टेकला. "अरे बाप रे! मम्मी!" दार उघडलं. रसिलाबेननी पदर नाकाला लावला. "आवी! वास आवी! गमरेभाई, देखो, देखो!"

गमरे शांत. हसतमुख. तळहात नाकासमोर.

"कुठे?" ते म्हणाले.

मायलेक त्यांच्याकडे बघत राहिले. अख्खा पॅसेज सडल्यासारखा झालेला, आणि हा माणूस बागेत उभा असल्यासारखा! मग गमऱ्यांच्या लक्षात आलं, की इथे काहीतरी करायला हवं. त्यांनी हवेत तीनदा हुंगलं, कोपरात नाक खुपसलं, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अभी पक्का नहीं बोल सकता. रविवार को."

"इनको आदत पड गयी है," रसिलाबेन पिंटूला म्हणाल्या आणि दार लागलं.

गमऱ्यांनी किडा एका रिकाम्या डबीत ठेवला, झाकणाला भोकं पाडली, साबणाने हात धुतले आणि पडून राहिले. झोप कसली येतेय!

शनिवारी सकाळी शेवंती आली. कमळाबाई भांडं आणायला आत गेल्या, तोवर गमऱ्यांनी डबी पुढे केली. "शेवंतीबाय, हा बघ जरा. ओळखतेस का?"

शेवंतीने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "आगो बाय! ह्यो वासाचा किडा हाय, दादा! आमच्या वाडीत झाडांवर लय असतात. दिव्याला येतात रातचे. हात लावला का असा वास सोडतात, साबणाने घासल्याबिगर जात न्हाय. नुसता भोवती धक्का लागला तरी सोडतात." मग ती थांबली. बारा घरी टोपली फिरवणारी बाई, तिच्यापासून काय लपणार? "तुमी हातात धरला व्हता?"

"हो."

"आन वास न्हाय आला?"

गमरे म्हणाले, "सर्दी झालीय."

शेवंतीने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "बरं," ती म्हणाली आणि कमळाबाईंना बोंबील मोजून द्यायला वळली.

पण गमऱ्यांच्या डोक्यात उजेड पडला होता. झगझगीत ट्यूब, उघडी खिडकी, बदामाचं झाड. किडे दिव्याला येणार, दिव्याखालच्या रॅकमध्ये शिरणार. अकराला पिंटूचे बूट आत ढकलले जाणार, आणि किडे आपलं काम करणार. बोंबील निर्दोष! माणूस लहान मुलासारखा खूश झाला. डबी घेऊन मीटिंगला जायचं, सगळं समजावून सांगायचं, बस. हुंगायची गरजच नाही.

पण नीलेशला ओळखत नव्हते ते.

रविवारी पार्किंगमध्ये वीस-पंचवीस खुर्च्या भरल्या. गमऱ्यांनी किडा दाखवला, ट्यूबचं सांगितलं, शेवंतीचं सांगितलं. कुणी म्हणालं ढेकूण आहे मोठ्या साइजचा, कुणी म्हणालं झुरळाचा भाऊ. रसिलाबेन म्हणाल्या, इतक्याशा जीवाचा इतका वास? शक्य नाही. आणि नीलेश उभा राहिला. "काका, थिअरी चांगली आहे. पण बोंबलाच्या केसमध्ये मासेवालीची साक्ष कशी धरायची? पुरावा पाहिजे." त्याने सगळी तयारी केलेलीच होती. दोन स्टीलचे डबे. तो जिन्याआड गेला, एकात कापसावर किडा, दुसऱ्यात कापसावर कमळाबाईंकडून आणलेला बोंबलाचा तुकडा. दोन्हींवर फॉइल, फॉइलला भोकं. कोणत्यात काय ते फक्त त्याला ठाऊक. "काका, दोन्ही हुंगा. यातला पॅसेजमधला वास कुठला आणि बोंबील कुठला, एवढं सांगा. फायनल."

गमरे डब्यांसमोर बसले. पहिला डबा उचलला. तीनदा हुंगलं. काही नाही. कोपर. दुसरा. काही नाही. हळूच हलवूनही बघितलं, आवाज आला तर आला. कापसाने तेही नेलं. पुन्हा पहिला. वर कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

आता ही गोष्ट निम्म्या-निम्म्याची होती. अंदाजपंचे एक डबा दाखवायचा. बरोबर लागला तर नाकही राहणार, बोंबीलही राहणार, कुणाला काही कळणार नाही. आणि चुकला तर? तर नवऱ्याने आपल्या तोंडाने, पंचवीस माणसांसमोर, बोंबलाला दोषी ठरवलं असं होणार, आणि त्यावर अपील नाही. गमऱ्यांनी मान वर केली. कमळाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, ताठ, पदर खांद्यावर नीट घेऊन. चेहऱ्यावर काळजी औषधालासुद्धा नाही. उलट शेजारणीकडे असं बघत होत्या, की बघ आता, आमचे हे बोलतील.

गमऱ्यांनी डबा खाली ठेवला.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"कुठल्या डब्याचा?" नीलेश म्हणाला.

"कुठल्याच. कशाचाच. कोरोनात नाक गेलं माझं. चार वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही." ते नीलेशकडे वळले. "तुझ्या सासऱ्यांचं तूप... त्यांना निरोप दे, माफ करा म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं होतं."

पार्किंगमध्ये कुजबूज उसळली. चार वर्षांत कुणाकुणाचं तूप, कुणाकुणाचे आंबे, सगळ्यांची उजळणी चालू झाली. "पण नीलेशकाका, ते तूप डालडाच होतं," मागून नीलेशचीच पुतणी म्हणाली आणि तिला कुणीतरी गप्प केलं. गमऱ्यांनी कमळाबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही.

"मग आता हुंगणार कोण?" नीलेशने विचारलं.

कमळाबाई उठल्या. आवाज खणखणीत. "जिसका तक्रार, वो सूंघेगी."

रसिलाबेन दचकल्या. पण सगळी बिल्डिंग त्यांच्याकडे बघायला लागली तेव्हा काय करणार? त्या पुढे आल्या, देवाचं नाव घेतलं, डोळे गच्च मिटले आणि पहिल्या डब्यावर वाकल्या. एकदा हुंगलं. थांबल्या. पुन्हा हुंगलं. कपाळावरची आठी जरा सैल झाली. "ये नहीं है," त्या म्हणाल्या. "ये तो... कुछ खारा-खारा है. पापड का डब्बा खोलो, ऐसा. ये नहीं है." मग दुसऱ्या डब्यावर वाकल्या आणि किंचाळून अशा मागे उडाल्या, की खुर्ची आडवी झाली. "यही! यही छे! मरी गई रे!"

नीलेशने फॉइल काढली. दुसऱ्या डब्यात किडामहाशय पाहुण्यासारखे बसले होते.

"और पहले में क्या था?" रसिलाबेननी विचारलं.

"बोंबील," कमळाबाई म्हणाल्या.

रसिलाबेन तोंड धुवायला धावल्या. लोक इतके हसले, की वॉचमन आत बघायला आला. मग सगळा मोर्चा वर गेला, रॅक पालथा केला, तर एकट्या पिंटूच्या बुटांतून सहा किडे निघाले. ठराव झाला, पण वेगळा: ट्यूब काढून पिवळा दिवा लावावा, खिडकीला जाळी बसवावी, आणि पिंटूने बूट हाताने ठेवावेत. किडे गमऱ्यांनी डबीत भरून खाली झाडावर सोडले. एक-दोघं जाता जाता म्हणाले, "काका, तरी तुम्हीच शोधलंत हो."

खरी मीटिंग अजून व्हायची होती. गमरे झाडाकडून परत वर आले. दार लागलं. कमळाबाई कॉटवर बसल्या.

"चार वर्षं?"

"हो."

"मग रोज जेवायला बसताना म्हणायचात, कमळ, काय वास सुटलाय गं! ते काय होतं?"

"फोडणीचा आवाज यायचा ना आतून," गमरे म्हणाले. "तो थांबला की म्हणायचो."

कमळाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने डोळे भरलेले की कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "लोकांपासून लपवलंत, लपवा. पण मी? तुम्हाला वाटलं, मी काय नाकाशी लग्न केलं होतं? एवढी चार वर्षं या घरात मी एकटीच वास घेत होते, आणि मला ठाऊकच नाही!"

"चुकलं," गमरे म्हणाले.

त्या उठून आत गेल्या. भांडी जरा जास्तच आपटली. गमरे बाहेर बसून राहिले. आज जेवण मिळतंय की नाही याचीही खात्री नव्हती. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, अजून घुश्शातलाच. "तेल तापलं. लसूण टाकला. अजून कच्चा आहे, उग्र येतोय." मग थोड्या वेळाने, "आता लाल झाला. आता गोडसर येतोय." मग, "बोंबील घातला." मग बराच वेळ काहीच नाही.

"कमळ?" गमऱ्यांनी विचारलं. "आता कसा येतोय?"

त्या पदराला हात पुसत दारात आल्या. जन्मभर नवऱ्याने यांना वास समजावून सांगितले होते. सांगायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. शब्द शोधायला त्यांना वेळ लागला.

"आपलं नवीन लग्न झालं होतं," त्या म्हणाल्या, "आणि मी पहिल्यांदा केला होता. तुम्ही आईंची नजर चुकवून दोनदा भात मागून घेतलात. तसा."

गमऱ्यांनी डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले. "आला."